काटा फिरवता फिरवता

आमच्या रामबागेतल्या घरी रेडिओसाठी भिंतीत एक फळी ठोकलेली होती आणि बुधवारी संध्याकाळी त्या फळीसमोर कोणी कोठे बसायचे हेही ठरून गेलेले होते. रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला संपली, की वडील उठून ओसरीवर जात, आई पाने घेण्याच्या गडबडीत पडे आणि रेडिओचा ताबा दादाकडे येई. दादाला गाण्यांपेक्षा काटा फिरवण्याचे वेड अधिक. शॉर्टवेव्हच्या पट्टीवर तो काटा केसभर पुढे, केसभर मागे करीत बसे. त्यातून कधी एखाद्या चिनी बाईचे भराभर बोलणे ऐकू येई, कधी रशियन समूहगान, आणि बहुतेक वेळा नुसती शिट्टी व खरखर. आम्हा बहिणींना त्याचा फार राग येई.

१९७४ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट असावी. काटा असाच फिरता फिरता एके ठिकाणी अडकला आणि खरखरीच्या आडून एक तंतुवाद्य ऐकू येऊ लागले. खालच्या अंगाला चार-सहा स्वरांची एक घडी पुन्हा पुन्हा उलगडत होती, न थकता, न घाई करता. आणि तिच्यावर मध्येच सुपातून दाणे ओसंडावेत तसे वरचे स्वर झरझर खाली येत. आई हातातले पातेले तसेच धरून दारात उभी राहिली. माहेरी ती सतार शिकलेली होती. "दोघे वाजवताहेत," ती म्हणाली. "एकाच्या हातात सतार आहे, दुसऱ्याच्या हातात संतूर." दादा म्हणाला, "नाही गं आई, माणूस एकच आहे. नीट ऐक." वाद रंगात आला तेवढ्यात वाद्य थांबले, एक पुरुष कोणत्याशा भाषेत चार वाक्ये बोलला, ती फ्रेंच आहे असे वडिलांनी ओसरीवरून सांगितले, आणि ते केंद्र जे बुडाले ते पुन्हा वर आलेच नाही. पुढे कितीतरी रात्री दादा तोच आकडा धरून बसे. वादाचा निकाल काही लागला नाही.

तो लागायला जवळजवळ तीस वर्षे जावी लागली. बीबीसीच्या वर्ल्ड सर्व्हिसवर चार्ली जिलेट नावाचे एक निवेदक आठवड्यातून अर्धा तास देशोदेशींचे संगीत ऐकवीत. एका रात्री त्यांच्या कार्यक्रमात तेच दाणे ओसंडू लागले. मी स्वयंपाकघरातला दिवा मालवून रेडिओपाशी येऊन बसले. वादन संपल्यावर जिलेट यांनी वाद्याचे नाव सांगितले: कोरा. वादकाचे नाव सांगितले: तुमानी दियाबाते, देश माली, पश्चिम आफ्रिका. आणि जाता जाता म्हणाले, की वाजवणारा एकटाच आहे. ते ज्यांना सांगायचे ती दोन्ही माणसे, दादा आणि आई, तोवर राहिलेली नव्हती.

मराठी कानाला हे नाव जरा गमतीचे वाटते. आपल्याकडे कोरा म्हणजे ज्यावर काही लिहिलेले नाही असा. आणि हे वाद्य वाजवणाऱ्यांच्या तोंडी तर अख्ख्या राज्यांचे इतिहास असतात. मोठ्या भोपळ्याचा अर्धा भाग, त्यावर ताणून बसवलेले गाईचे कातडे, त्यातून वर गेलेला लांब दांडा आणि २१ तारा: ११ डाव्या हाताच्या, १० उजव्या. तारा पूर्वी कातड्याच्या वादीच्या असत. आता मासे धरायच्या नायलॉनच्या दोरीच्या असतात. वादक वाद्य आपल्याकडे तोंड करून धरतो आणि दोन अंगठे व दोन तर्जन्या एवढ्यांवर सारा कारभार चालवतो. खाली सतत चालणाऱ्या घडीला ते लोक कुम्बेंगो म्हणतात आणि तिच्यावर कोसळणाऱ्या स्वरांना बिरिमिंतिंगो. आपल्या भाषेत बोलायचे तर लेहरा आणि तान. फरक एवढाच, की लेहरा धरणारा आणि तान घेणारा एकच असतो. अंगठ्यांनी खर्ज व घडी सांभाळायची आणि तर्जन्यांनी वर विहार करायचा. तेव्हा दादाचे खरे ठरले. पण आईचेही अगदीच खोटे म्हणवत नाही. दोघांचे काम ऐकू येत होतेच.

कोरा कोणीही उठून वाजवावा असे नाही. मालीपासून गांबियापर्यंतच्या मांडिंग लोकांत गाणे-बजावणे हा जेली लोकांचा वंशपरंपरागत धर्म. फ्रेंचांनी त्यांना ग्रिओ म्हटले. कुयाते, दियाबाते, सिस्सोको ही त्यांची आडनावे. राजघराण्यांच्या वंशावळी पाठ ठेवायच्या, तेराव्या शतकातल्या सुंदियाता राजाचे चरित्र गायचे, लग्नाकार्यात यजमानाच्या पूर्वजांची थोरवी सांगायची, तंटे मिटवायचे, आणि त्याबद्दल दान घ्यायचे. माळव्यात राहणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. इकडच्या ठाकुरांच्या दारी येणारे भाट ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना जेली ओळखीचाच वाटेल. तुमानी दियाबाते अशाच घराण्यातला. त्याचा 'काइरा' हा एकल वादनाचा संग्रह १९८८ साली लंडनहून निघाला आणि कोऱ्याची ओळख बाहेरच्या जगाला झाली ती मुख्यतः त्यामुळे. १९ जुलै २०२४ रोजी तो गेला, ५८ वर्षांचा होऊन.

आता या जिलेट यांच्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण असे निवेदक ही जातच निराळी. मूळचे ते रॉक अँड रोलचे जाणकार. १९७० साली निघालेले 'द साउंड ऑफ द सिटी' हे त्यांचे पुस्तक त्या विषयावर अजूनही वाचले जाते. लंडनच्या कॅपिटल रेडिओवर १९८३ सालापासून त्यांनी परदेशी तबकड्या वाजवायला सुरुवात केली. सेनेगलच्या युसू न्दूरसारख्या गायकांची गाणी इंग्लंडच्या श्रोत्यांना पहिल्याप्रथम त्यांच्याकडून ऐकायला मिळाली. त्यांना त्या भाषा येत नव्हत्या. ते तसे भासवीतही नसत. गाण्याच्या आधी दोन वाक्ये, नंतर एक. आवाजात विद्वत्तेचा दर्प नाही, की आपण काही अद्‌भुत दाखवीत आहोत असा आव नाही. घरी आलेल्या पाहुण्याची शेजाऱ्याशी ओळख करून द्यावी तशी ते गाण्याची ओळख करून देत आणि बाजूला होत. १७ मार्च २०१० रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्याच काळात एक विचित्र अडचण उभी राहिली होती. लोक रेडिओवर गाणे ऐकून दुकानात जात आणि दुकानदाराला ती तबकडी कोणत्या खणात ठेवावी हेच कळत नसे. म्हणून जून १९८७ मध्ये लंडनच्या इझलिंग्टन भागातल्या 'एम्प्रेस ऑफ रशिया' नावाच्या मद्यगृहात छोट्या ध्वनिमुद्रण संस्थांचे लोक, पत्रकार व निवेदक जमले आणि खणावर लावायची चिठ्ठी म्हणून 'वर्ल्ड म्युझिक' हे नाव मुक्रर झाले. जिलेटही त्या बैठकीस होते. नाव चालले, धंदाही झाला. पण मला ते कधी रुचले नाही. बामाकोच्या माणसाला कोरा हे घरचे संगीत. त्याच्या दृष्टीने आपला यमनच तेवढा 'जगाचा'. असो. चिठ्ठीमुळे तबकडी सापडत असेल तर चिठ्ठीशी भांडण्यात अर्थ नाही.

परंतु रेडिओने पश्चिम आफ्रिकेचे संगीत बाहेरच्यांना ऐकवले, ही गोष्टीची अर्धीच बाजू झाली. ते संगीत आज ज्या रूपात आहे त्या रूपात घडले, त्यातही रेडिओचा मोठा हात आहे. घाना देश ब्रिटिशांच्या ताब्यात गोल्ड कोस्ट या नावाने होता, तेव्हा तिथल्या अक्रा शहरात ३१ जुलै १९३५ रोजी 'झेडओवाय' हे केंद्र सुरू झाले. केंद्र कसले, तारेने जोडलेल्या पेट्याच त्या. घरात पेटी बसवायची, तिला काटा नाही, केंद्रे बदलण्याची सोय नाही. लंडनहून जे येईल ते ऐकायचे. हळूहळू त्या पेटीत स्थानिक भाषा आल्या, गाणी आली. महायुद्धानंतर तिथे हायलाइफ नावाचे नाचाचे संगीत बहरले. त्याचा राजा म्हणवला गेलेला ई. टी. मेन्सा हा पेशाने औषधनिर्माता होता आणि रात्री ट्रंपेट वाजवीत असे.

त्याच सुमारास समुद्रापलीकडून आणखी एक पाहुणा येत होता. ग्रामोफोन कंपनीने १९३३ पासून 'जी. व्ही.' या मालिकेत क्यूबाच्या गाण्यांच्या तबकड्या आफ्रिकेत विकायला आणल्या. क्यूबाचे ते ताल मुळात आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी तिकडे नेलेले. ते चारशे वर्षांनी तबकडीवर बसून माहेरी आले, आणि माहेरच्यांनी त्यांना लगेच ओळखले. डाकार, कोनाक्री, बामाको इथल्या वाद्यवृंदांनी ही गाणी रेडिओवर, ग्रामोफोनवर ऐकून बसवली. स्पॅनिश शब्दांसकट बसवली. अर्थ कोणाला ठाऊक होता? उच्चार कानाला जसे लागले तसे गायले. डाकारच्या ओर्केस्ट्रा बाओबाबची १९८२ मध्ये मुद्रित झालेली गाणी मी पुष्कळदा ऐकते. त्यातला गिटार असा काही रेंगाळत येतो, की दुपारच्या उन्हात लिंबाखाली खाट टाकून पडल्यासारखे वाटते. त्या गाण्यात क्यूबा किती आणि सेनेगल किती, हे निवडत बसण्याची मला गरज वाटली नाही.

माली देशात तर रेल्वेखात्याचाच वाद्यवृंद होता! १९७० साली सरकारच्या आश्रयाने 'रेल बँड' उभा राहिला आणि बामाको स्टेशनच्या हॉटेलात रात्री वाजवू लागला. आपल्याकडे स्टेशनावर जे ऐकू येते ते सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा अधिक काही लिहीत नाही. या वाद्यवृंदाचा पहिला मोठा गायक सालिफ केईता. केईता म्हणजे सुंदियाता राजाचे कूळ. त्या कुळातल्या माणसाने गायचे नसते, त्याच्यासाठी इतरांनी गायचे असते. शिवाय तो जन्मतः पांढऱ्या कातडीचा, म्हणजे कोड नव्हे, रंगद्रव्यच नसलेला. त्याबद्दलचे गैरसमज वेगळेच. अशा माणसाने स्टेशनावर उभे राहून गायचे म्हणजे घराण्याला केवढा धक्का, याची कल्पना आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी नाटकात गेलेल्या मुलांच्या गोष्टी ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना सहज येईल.

त्याच बामाकोत १९७० च्या दशकात रेडिओ मालीच्या ध्वनिमुद्रण विभागात एक तंत्रज्ञ नोकरीला होता. अली फार्का तुरे त्याचे नाव, नायजर नदीकाठच्या निआफुंके गावचा. दिवसा दुसऱ्यांची गाणी मुद्रित करायची आणि सवड सापडली की त्याच यंत्रावर स्वतःची. नदीकाठच्या सोंघाय, फुलानी, तमाशेक अशा लोकांच्या चाली तो गिटारवर वाजवी. १९६८ च्या सुमारास कोणीतरी त्याला जॉन ली हुकर या अमेरिकन निग्रो गायकाची तबकडी ऐकवली, तेव्हा हा आपल्याकडचाच कोणी तमाशेक वाजवणारा आहे अशी त्याची समजूत झाली. पुढे त्याने मुद्रणे पॅरिसला पाठवली, तिथे तबकड्या निघाल्या. त्यांतली एक पॅरिसच्या दुकानात बीबीसीच्या अँडी कर्शॉ या निवेदकाच्या हाती लागली आणि त्याने ती इंग्लंडच्या रेडिओवर वाजवली. मग लोक त्याला शोधत मालीला गेले आणि १९८७ मध्ये त्याचा लंडनचा संग्रह निघाला. म्हणजे एका रेडिओच्या खोलीत जन्मलेले गाणे दुसऱ्या रेडिओच्या खोलीतून जगात गेले. त्याने अमेरिकन गिटारवादक राय कूडर याच्याबरोबर केलेल्या 'टॉकिंग तिंबक्तू' या १९९४ च्या संग्रहाला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. याच कूडरबरोबर आपल्या जयपूरच्या विश्वमोहन भट्टांनी आदल्या वर्षी मोहनवीणा वाजवली होती आणि तेच पारितोषिक मिळवले होते. अली फार्काला मात्र त्या कौतुकाचे फारसे अप्रूप नव्हते. तो गावी परतला, शेती करू लागला आणि निआफुंकेचा महापौर झाला. २००६ साली तो वारला. त्याची ती जुनी मुद्रणे 'रेडिओ माली' या नावाने प्रसिद्ध झालेली आहेत. ज्यांना एकच काही ऐकायचे असेल त्यांनी ती ऐकावीत असे मी सांगेन.

आता गिनीकडे येते. या देशाची गोष्ट मला सर्वांत गोड लागली आणि सर्वांत जड गेली.

२८ सप्टेंबर १९५८ रोजी फ्रान्सने आपल्या आफ्रिकन वसाहतींना विचारले, आमच्याबरोबर राहणार की नाही? एकट्या गिनीने 'नाही' म्हटले. २ ऑक्टोबरला देश स्वतंत्र झाला आणि सेकू तुरे अध्यक्ष झाले. फ्रेंच नाचगाणी वाजवणारे खासगी वाद्यवृंद त्यांनी मोडीत काढले. प्रत्येक प्रदेशात सरकारी वाद्यवृंद उभारला, वाद्ये सरकारची, पगार सरकारचा. आणि हुकूम असा, की आपल्या जुन्या चाली घ्या आणि त्या नव्या वाद्यांवर वाजवा. कोनाक्रीच्या रेडिओवर परदेशी गाण्याऐवजी हेच वाजू लागले. आपल्याकडे त्याच दशकात डॉ. बाळकृष्ण केसकर या मराठी मंत्रिमहोदयांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपार करण्याचा घाट घातला होता, हे वाचकांना स्मरत असेल. आमच्या घरात बुधवारी सिलोन लागत असे ते त्याचेच फळ! केसकरांचा हेतू वाईट नव्हता, पण श्रोत्यांनी काटा फिरवला. गिनीत तसे झाले नाही, कारण तिथल्या वाद्यवृंदांनी केलेले काम खरोखरच अप्रतिम होते. बेयला या आडगावात १९६१ मध्ये सुरू झालेला बेंबेया जाझ पाच वर्षांत राष्ट्रीय वाद्यवृंद झाला. फ्रेंचांशी वर्षानुवर्षे झुंजून १८९८ साली कैद झालेल्या सामोरी तुरे या वीराची कथा त्यांनी गाऊन सांगितली. ती तबकडीच्या दोन्ही बाजू व्यापते. मी ती प्रथम ऐकली तेव्हा अर्थाचे अक्षर कळले नाही, पण मध्येच गाणे थांबवून निवेदन, पुन्हा गाणे, मागून झीलकऱ्यांची साथ, हे सारे ऐकून मी उद्गारले, "अगबाई, हा तर पोवाडा!" आणि सोरी कांदिया कुयाते यांचा तो आवाज! भरल्या तळ्यावरून कोणी हाक मारावी तसा.

गिनीच्या या नव्या वाद्यवृंदांची सुरुवातीची ध्वनिमुद्रणे लिओ सार्किझियन या आर्मेनियन वंशाच्या अमेरिकन गृहस्थाने केली. हॉलिवूडच्या एका कंपनीसाठी मुद्रणयंत्र घेऊन तो अफगाणिस्तान, पाकिस्तान करीत करीत कोनाक्रीला पोहोचला होता. तिथे त्याच्या बिऱ्हाडी एडवर्ड मरो हे प्रसिद्ध अमेरिकन वार्ताहर स्वतः गेले आणि त्यांनी त्याला व्हॉइस ऑफ अमेरिकात बोलावले. १९६५ साली त्याने सुरू केलेला 'म्युझिक टाइम इन आफ्रिका' हा कार्यक्रम त्याने ९१ व्या वर्षापर्यंत सांभाळला. गंमत अशी, की त्याचे श्रोते आफ्रिकेतलेच. इंग्रजांच्या वसाहतींच्या तारा लंडनला गेलेल्या, फ्रेंचांच्या पॅरिसला. शेजारच्या देशात काय गातात हे नायजेरियातल्या माणसाला वॉशिंग्टनहून कळे. श्रोत्यांची हजारो पत्रे येत. हा माणूस चित्रकारही होता. कार्यक्रमाच्या निमित्ताने त्याने आफ्रिकन चेहऱ्यांची कितीतरी चित्रे काढली. २०१८ मध्ये तो गेला. त्या व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या जवळजवळ सर्व नोकरवर्गाला मार्च २०२५ मध्ये सक्तीच्या रजेवर घालवण्यात आले, हेही इथे नोंदले पाहिजे.

जड गेले ते पुढचे. गिनीची ही गाणी मी वर्ष-दोन वर्षे मनापासून ऐकली. सकाळी कामे उरकताना एक-दोन चाली तोंडात येऊ लागल्या. मग कुतूहलाने शब्दांची माहिती काढायला गेले, तेव्हा कळले, की मी गुणगुणत होते त्यातले कितीतरी सेकू तुरे आणि त्यांच्या पक्षाचे स्तोत्र आहे. एकेका गाण्यात त्यांचे नाव दहा-दहादा येते. मला ते सुरेल हाकेसारखे वाटे! आणि त्याच वर्षांत, त्याच कोनाक्री शहरात, बोइरो नावाच्या छावणीत त्यांचे विरोधक, आणि विरोधक असल्याचा नुसता संशय असलेले लोक, कोंडलेले होते. अन्नपाणी तोडून माणसे मारली जात. आफ्रिकी राष्ट्रांच्या संघटनेचे पहिले सरचिटणीस दियालो तेल्ली तिथे १९७७ मध्ये मेले. फोदेबा केईता १९६९ मध्ये मेले. हे फोदेबा कोण? ज्यांनी आफ्रिकन नृत्यनाट्याचा पहिला मोठा संघ काढला, ज्यांच्या संघाचा प्रयोग पाहून तरुण अली फार्काने गिटार हाती घेतली, आणि जे स्वतः तुरे यांचे मंत्री होते, ते.

त्यानंतर काही महिने मी त्या तबकड्या लावल्या नाहीत. इंदुरात राहणाऱ्याला अशा वेळी अहिल्याबाई आठवल्यावाचून कशी राहील? कोणा पंडिताने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला. बाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि नर्मदेत सोडून द्यायला सांगितले, असे माल्कमने लिहून ठेवले आहे. तसे सेकू तुरे यांनी केले असते तर? पण मग ती गाणीही नदीत गेली असती, आणि त्या गाण्यांतला गिटार काही कोणाचा गुलाम नव्हता. पगारावर असलेल्या वादकाने दुसरे काय करायचे होते, हाही प्रश्न आहेच. जेलीचा धर्मच मुळी यजमानाची स्तुती करण्याचा. यजमान बदलला आणि सरकार झाले. मी या प्रश्नाचा निकाल लावू शकलेले नाही. तबकड्या पुन्हा लावते, पण आता ते नाव आले की ऐकू येते.

तुरे १९८४ च्या मार्चमध्ये वारले, लष्कराने सत्ता घेतली आणि जुलै १९८५ मध्ये फसलेल्या एका बंडात कोनाक्रीच्या रेडिओ केंद्रावर तोफा डागल्या गेल्या. ध्वनिफितींचा साठा जळून गेला, असेच सगळे धरून चालले होते. परंतु ग्रेम कौन्सेल नावाच्या ऑस्ट्रेलियन संशोधकाने २००८ पासून २०१३ पर्यंत, ब्रिटिश लायब्ररीच्या साहाय्याने, तिथे पुन्हा पुन्हा जाऊन उरलेल्या फिती शोधल्या, साफ केल्या, वाजवल्या आणि नव्या पद्धतीने मुद्रित केल्या. एकूण ९४१० गाणी निघाली. उष्ण दमट हवा, वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, देशात पुन्हा लष्करी उठाव, अशा स्थितीत एकेक फीत यंत्रावर चढवणाऱ्या त्या माणसाचे मला फार नवल वाटते. स्तोत्रे वाचली, त्याबरोबर शेतकऱ्यांची, लग्नांची, विरहाचीही वाचली.

शब्द कळल्यावाचून गाणे ऐकणे हे खरे ऐकणे का, असे मला एका विद्वान स्नेह्यांनी विचारले होते. आपण परप्रांती राहणाऱ्या मराठी माणसांनी तरी हा प्रश्न विचारू नये. आमच्या गणेशोत्सवात नाट्यगीतांना माना डोलावणारे निम्मे श्रोते हिंदी बोलणारे असतात. आणि भीमसेनांची मातृभाषा कानडी होती म्हणून त्यांच्या अभंगात आपल्याला कधी काही उणे वाटले का?

उलट दिशेचाही एक दाखला आहे. उत्तर नायजेरियातल्या कानो शहरात १९५० च्या दशकापासून लेबनीज व्यापाऱ्यांनी हिंदी चित्रपट आणले. हौसा लोकांना ते अतोनात आवडले. 'मदर इंडिया' तर पुढे कित्येक दशके तिथे चालत राहिला. हिंदी कोणाला येत नव्हते. पण चाली मनात बसल्या आणि बंदिरी नावाचा मोठा डफ वाजवून पैगंबराची स्तुती गाणाऱ्या तिथल्या भक्तमंडळ्यांनी त्या चालींवर हौसा भाषेत कवने रचली. 'मदर इंडिया'त लताबाई गायल्या आहेत. लताबाईंचा जन्म १९२९ सालचा, आमच्या या इंदुरातला. दूर कानोच्या गल्लीत एखाद्या हौसा म्हाताऱ्याने, "ही बाई काय म्हणते कोण जाणे, पण पुन्हा लावा," असे म्हटले असेलच की नाही?

गेल्या दिवाळीत मी रामबागेत वहिनींकडे गेले होते. भिंतीतली ती फळी अजून आहे. तिच्यावर आता देवाच्या पोथ्या असतात. दादाच्या नातवाने आपल्या फोनवर मला हवा तो कोरा शोधून लावून दिला. तो तुमानीचा नव्हता, दुसऱ्या कोणाचा तरी होता. वहिनी निरांजनाच्या वाती वळीत ऐकत होत्या. "वन्सं, ते म्हणायचे ते हेच का?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "हेच असे नाही सांगता येणार, पण घराणे हेच." थोड्या वेळाने वाद्याबरोबर एक पुरुषाचा आवाज सुरू झाला, उंच आणि थोडा चिरलेला.

"काय म्हणतोय तो?"

"कोणाची तरी स्तुती करतोय."

"कोणाची?"

मला सांगता येईना. नातू म्हणाला, "थांबा आजी, पाहतो," आणि गाणे बंद करून फोनवर शोधू लागला. वहिनी त्याला म्हणाल्या, "अरे, बंद कशाला केलेस? आधी संपू दे की."